डिस्टिल्ड म्हणून भरलेलं पाणी

विद्यापीठातून आलेलं पत्र डॉ. उत्कर्ष सावळकरांनी पौर्णिमाच्या हातात दिलं नाही. त्यांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. पौर्णिमा बी.एस्सी.च्या पोरींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन दारातच उभी होती. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि मागे फिरावं तर पत्रात नाव तिचंच होतं.

“संशोधक विद्यार्थिनी कुमारी पौर्णिमा पुंजाजी पट्टेबहादूर यांच्या शोधनिबंधातील निष्कर्ष तीन वेळा प्रयत्न करूनही पडताळता आलेले नाहीत,” सर सावकाश वाचत होते. “सदर निष्कर्ष बनावट असल्याच्या शंकेबाबत त्यांनी समितीसमोर खुलासा करावा.”

‘बनावट’ या शब्दापाशी ते जरा थांबले. कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीजवळ बसलेले भौतिकशास्त्राचे सर हसून म्हणाले, “फेलोशिपचे दिवस आहेत, चालायचंच.” दोघातिघांनी माना हलवल्या. त्या वाक्याचा अर्थ काय आणि ते कुणाला उद्देशून आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. जात न उच्चारता केलेलं असलं बोलणं पौर्णिमाला तर शाळेपासूनच कळत आलं होतं.

सरांनी पत्राची घडी घातली. “मी गाईड आहे. प्रयोग काही मी करत नाही. हिने जे आकडे आणून दिले ते मी विश्वासाने खरे धरले.”

शोधनिबंधावर पहिलं नाव सावळकरांचंच होतं. जानेवारीत पेपरात या कामाची बातमी आली तेव्हा हातात बाटली धरून फोटोही त्यांनी एकट्यानेच काढून घेतला होता. पौर्णिमाच्या तोंडावर आलं होतं ते सगळं. पण बोललं तर रडू येईल या भीतीने ती वह्या घेऊन तशीच वळली.

कारंज्याच्या त्या कॉलेजात ती तीन वर्षांपासून पीएच.डी. करत होती. काम म्हटलं तर सांगायला सोपं होतं. वाळूच्याच जातीचे, पण डोळ्याला कधीच न दिसणारे सिलिकाचे नॅनोकण घ्यायचे. त्या प्रत्येक कणावर असे रेणू बसवायचे की ज्यांच्या टोकाला चिमटा असतो. असे कण पाण्यात नुसतेच तरंगत राहतात. मात्र त्यात जस्ताचे आयन टाकले की एकेक आयन दोन कणांच्या दोन चिमट्यांत अडकतो, कणाला कण जोडला जातो आणि बघता बघता लांबच लांब साखळ्या तयार होतात. मग परीक्षानळी उलटी केली तरी आतलं पडत नाही. त्याचं जेल झालेलं असतं. प्लॅस्टिकच्या साखळीसारखी ही साखळी कायमची पक्की नसते, हातात हात धरल्यासारखी असते, म्हणून सुटतेही. दोन थेंब आम्ल टाकलं की चिमटे जस्ताला सोडून देतात आणि जेलचं पुन्हा पाणी. अल्कली टाकून ते आम्ल मारलं की पुन्हा जेल. अशा जेलात औषध भरून ते शरीरात हव्या त्या जागी मोकळं करता येईल, असं जगभरचे लोक म्हणत होते. पौर्णिमाला सध्या एवढंच हवं होतं की आपलं जेल दहा वेळा जमावं आणि दहा वेळा सुटावं. पहिल्या वर्षी ते एकदाही जमलं नाही. दुसऱ्या वर्षी एका दुपारी जमलं, आणि नोटा तपासायची जांभळी बत्ती त्यावर धरली तेव्हा नळी निळीशार उजळली. त्या दिवशी तिने जेवण केलंच नाही. भूक लागलीय हे लक्षातच आलं नव्हतं.

तीच नळी तिने मेडशीला घरी नेऊन दाखवली होती. तिचे वडील पुंजाजी यांचं चार एकर रान. सोयाबीन आणि तूर. जस्त म्हटल्यावर त्यांना लगेच उमगलं, कारण सोयाबीनला झिंक तेही देत होते. नळी खालीवर करत ते म्हणाले होते, “म्हंजे हे बारके कण एकमेकाचा हात धरते, अन् आंबट पडलं का सोडून देते. असंच ना?” विभागातल्या कुठल्याच सरांना तिला इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

पत्र आलं त्या आठवड्याच्या शनिवारी ती एसटीने मेडशीला गेली. आईने, अंजनाने, ताट वाढलं. पौर्णिमाने दोन घास खाल्ले आणि सगळं सांगून टाकलं. मग पुंजाजींनी सरळच विचारलं, “लबाडी केली का तू?”

“बाबा!”

“मी इचारून राह्यलो. केली का नाही?”

“नाही केली.”

“अहो, पोरीले असं इचारते का कोनी?” अंजना चिडली.

“इचारलं पायजे,” पुंजाजी म्हणाले. “बापानं इचारलं अन् पोरगी नाही म्हने, तं आता दुनियेनं काही बी म्हनो. पन तिथं गाईडनं इचारलं का तुले? का पह्यलेच वाचून मोकळा झाला?”

पौर्णिमाने हातातला घास ताटात ठेवला. खरंच, सरांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तीन वर्षं रोज समोर काम करणाऱ्या मुलीला, ‘असं का झालं असेल गं?’ एवढंही नाही.

“मंग तू जाय तिथं,” पुंजाजी म्हणाले, “अन् त्यांच्यासमोर करून दाखव.”

तिने तसंच केलं. समितीच्या अध्यक्ष असलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंना तिने फोन केला आणि प्रयोग स्वतः करून दाखवायची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली. बुधवारी ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचली ती स्वतः तयार केलेल्या कणांची भुकटी, जस्ताचा क्षार आणि आपल्या सवयीच्या परीक्षानळ्या घेऊन. तिचा प्रयोग तिथे तीन वेळा करून पाहिलेली वैभवी नावाची संशोधक मुलगी शेजारी उभी राहिली. वैभवीच्या चेहऱ्यावर कुत्सितपणा नव्हता. उलट अवघडलेपणच होतं.

पौर्णिमाने भुकटी तोलली, पाण्यात ढवळली, जस्ताचं द्रावण थेंबाथेंबाने सोडलं आणि नळी स्टँडला लावली. तिच्या प्रयोगशाळेत बारा मिनिटांत जेल व्हायचं. बारा मिनिटं झाली. वीस झाली. नळी तिरपी केली तर आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं धावलं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा पाणीच.

“मीही असंच केलं होतं,” वैभवी हळूच म्हणाली. “मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. तीनदा केलं मी, खरंच.”

अध्यक्षबाई आल्या, नळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “पंधरा दिवस देते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही.”

परतीच्या बसमध्ये पौर्णिमाला पहिल्यांदाच स्वतःची शंका आली. आपण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलंच नव्हतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडताच तिने तीच भुकटी, तोच क्षार, त्याच नळ्या घेतल्या. बाराव्या मिनिटाला जेल झालं. नळी उलटी केली. जेल वर तसंच चिकटून राहिलं. तिला हायसं वाटलं आणि लगेच राग आला. आता हा राग कुणावर, तेच कळेना.

तिने कागद घेतला. भुकटी तीच. क्षार तोच. नळ्या त्याच. हात तेच. हवा थोडी वेगळी, पण तिथे तर खोली थंड ठेवलेली होती, त्याने फार तर उशीर झाला असता. राहिलं काय? पाणी. विद्यापीठात जाताना सोबत पाणी कोण नेतं? तिथलं अतिशुद्ध पाणी तर आपल्याकडच्या डिस्टिल्डपेक्षा कितीतरी चांगलं. चांगल्या पाण्याने प्रयोग बिघडतो, हे तिच्या मनाला पटेना. तरीही तिने कोपऱ्यातल्या कॅनमधून, ज्यावर ‘डिस्टिल्ड वॉटर’ अशी चिठ्ठी होती, एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि खालून बर्नरची ऊब दिली.

थेंब वाळला. काचेवर पांढरं कडं उरलं.

डिस्टिल्ड पाण्याचा थेंब वाळला की मागे काही उरत नाही. हे तर ती पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवत होती. तिने दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाचं पांढरं कडं. मेडशीला आईच्या आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्याला आतून बसतो तसलाच हा थर होता. बोअरच्या जड पाण्याचा.

ती मागच्या, एरवी बंद असणाऱ्या खोलीत गेली. भिंतीवर काचेचं जुनं डिस्टिलेशनचं यंत्र लटकत होतं. त्याचं कॉइल जळून काळं पडलेलं, नळीला तडा. पण त्याच्या पाटीवर नवाकोरा स्टिकर होता, नवा नोंदणी क्रमांक असलेला, आणि शेजारच्या वहीत तपासणीच्या पानावर स्पष्ट शेरा: ‘चालू स्थितीत’. खाली सही सावळकरांची. कॉलेजला संशोधन केंद्राची मान्यता मिळाली त्या वर्षाची तारीख. चार वर्षांपूर्वीची, म्हणजे ती इथे दाखल व्हायच्याही आधीची.

पाणी भरायचं काम शेषरावचं. शेषराव हा प्रयोगशाळेचा परिचर. दोन वर्षांनी निवृत्त होणार होता. त्या आठवड्यात तो रजेवर होता. पौर्णिमाने वाट पाहिली नाही. त्याचं गाव किन्हीराजा मालेगावच्या वाटेवरच होतं. एसटीतून उतरून तिने घर विचारलं. शेषराव अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला, आणि तिने तोंड उघडण्याआधीच त्याचा चेहरा उतरला.

“पान्याचं इचारायले आल्या का म्याडम?”

“काका, कॅनमध्ये कुठलं पाणी भरता तुम्ही?”

“बोअरचं.” त्याने लपवलं नाही. “मशीन जळून सा वर्सं झाले. सावळकर सायबानं म्हनलं, कॅन भरत जाय, चिठ्ठी तशीच राहू दे. म्या म्हनलं, पोरींच्या पिरॅक्टिकलले काय फरक पडते. तुमचं एवढं मोठं काम त्याच पान्यात चाललं, हे मले माहीत नव्हतं. आईची आन.”

“मग मला पत्र आलं तेव्हा तरी सांगायचं होतं!”

शेषराव म्हणाला, “तुमाले नाही सांगतलं, हे चुकलं माह्यं. पन सायबाले सांगतलं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिशी गेलो. म्हनलं, सायेब, म्याडमचं बिघडून राह्यलं, त्यायले पान्याचं सांगून द्या. तं ते म्हने, ‘शेषराव, तुह्यं काम झाडायचं हाये, बोलायचं नाही.’ अन् मले रजा घ्यायले लावली.”

पौर्णिमा तिथेच, अंगणातल्या बाजेच्या कडेवर बसली. शेषरावच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून दिला तो तिने हातात धरून ठेवला. आतापर्यंत तिला वाटत होतं, सरांना माहीत नाही, सर भित्रे आहेत, सर स्वतःला वाचवत आहेत. पण त्यांना माहीत होतं. जमावात उभं करून कुणाला चोर म्हणायचं आणि चोरी झालेलीच नाही हे आपल्याला ठाऊक असायचं! त्या क्षणी सर समोर असते तर तिने तांब्याच फेकून मारला असता.

सोमवारी ती त्यांच्या केबिनमध्ये शिरली. दार लोटून घेतलं नाही. ऐकू देत, तिला वाटलं.

“ये बेटा,” सावळकर म्हणाले. “बरं झालं आलीस. मी विचार केलाय. तू लिहून दे की नमुना दूषित झाला असावा. आपण पेपर मागे घेऊ. विज्ञानात चुका होतात. वर्ष-दीड वर्ष जास्त लागेल तुला, एवढंच.”

“आणि ‘बनावट’?”

“लोक विसरतात गं.”

“माझ्या बाबतीत नाही विसरत, सर. दहा वर्षांनी मी कुठे मुलाखतीला बसले तरी काढतील. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचलंत. वाचताना तुम्हाला पाण्याचं माहीत होतं.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “कुणी सांगितलं?”

“थेंबाने सांगितलं. काचेवर वाळवून पाहिला.”

“हे बघ. मशीनचा विषय निघाला तर संशोधन केंद्राची मान्यता जाते. तुझ्यामागे पीएच.डी.ची सहा मुलं आहेत, त्यांचं नुकसान. आणि शेषरावची दोन वर्षं राहिलीत. पाणी त्याने भरलं. चौकशीत पहिला तो जाईल. तुला चालेल?”

“तुम्ही त्याला भरायला लावलं!”

“लेखी आहे का कुठे?”

ती बाहेर आली. आपण बोललो तर एका गरीब माणसाचं वाटोळं, न बोललो तर आपलं. आणि ही विभागणी करून देणारा माणूस आत पंख्याखाली बसलाय. शेषराव त्याच सोमवारी रजेवरून परतला होता; तिने दोन दिवस त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यानेच तिला जिन्याखाली गाठलं.

“काय म्हने सायेब?”

तिने आधी ‘काही नाही’ म्हटलं. मग सांगितलं. शेषराव ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

“माह्या नावानं तुमाले भेव दाखवते का थो?” एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण तो जिन्यात घुमला. “तेवीस वर्सं झाडलं म्या हे कॉलेज. एक काचेची नळी घरी नाही नेली. अन् मले चोर ठरवते? कागद घ्या म्याडम. तुमी लिवा, मी सही करतो. पानी म्या भरलं, कोनं भरायले लावलं, कवा लावलं, सगळं लिवा.”

“काका, तुमची पेन्शन...”

“ते मी पाहीन. तुमी लिवा.”

तिने लिहिलं. त्याने एकेक ओळ वाचायला लावली, एका ठिकाणी ‘मला सांगितले’ खोडून ‘मला हुकूम दिला’ असं करायला लावलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत सही केली.

ठरलेल्या दिवशी पौर्णिमा विद्यापीठात गेली ती बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन उचलून. टेबलाच्या एका बाजूला समितीची तीन माणसं, दुसऱ्या बाजूला सावळकर. वैभवी नळ्या मांडून तयार होती. मधल्या दिवसांत दोघींचं फोनवर रोज बोलणं झालं होतं, आणि कशाचा फरक पडत असावा याचा अंदाज दोघींनी मिळून बांधला होता.

पहिल्या नळीत तिथलं अतिशुद्ध पाणी. दुसऱ्या नळीत कारंज्याच्या बोअरचं. तिसऱ्या नळीत पुन्हा अतिशुद्धच, पण त्यात तोलून टाकलेलं चिमूटभर कॅल्शियमचं मीठ. भुकटी आणि जस्त तिन्हींत सारखं. मग सगळे घड्याळाकडे बघत बसले. ती बारा मिनिटं पौर्णिमाच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती.

वैभवीने पहिली नळी तिरपी केली. पाणी धावलं. दुसरी उलटी केली. आतलं हललं नाही. तिसरी उलटी केली. तेही हललं नाही. बत्ती धरली तेव्हा दोन नळ्या निळ्या उजळल्या.

“या कणांवर ऋणभार असतो,” पौर्णिमा म्हणाली. “म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. जस्ताला त्यांना जोडायचं असतं, पण ते जवळच येत नाहीत. जड पाण्यातलं कॅल्शियम ती ढकलाढकल शांत करतं, मग जस्ताचं काम होतं. माझ्या प्रयोगात दोन धातू होते. मला एकच माहीत होता.”

अध्यक्षबाईंनी तिसरी नळी स्वतः हातात घेतली, आम्लाचे दोन थेंब टाकले आणि जेल सुटताना पाहिलं. मग अल्कलीचे टाकले आणि परत जमताना पाहिलं. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून तिच्याकडे वळल्या. “पण निबंधात डिस्टिल्ड पाणी लिहिलंय. संशोधकाने पाणी स्वतः तपासून घ्यायचं असतं. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नसतो.”

“हो मॅडम. ती चूक माझी आहे. लेखी देते.” तिने मान खाली घातली नाही. “पण चिठ्ठी खोटी होती ती माझी चूक नाही. आणि ती खोटी आहे हे माहीत असून मला बनावट ठरवलं गेलं, तीही नाही.” तिने शेषरावचा कागद टेबलावर ठेवला.

तिघांनी तो वाचला. सगळ्यांच्या माना सावळकरांकडे वळल्या. सावळकर शांतपणे म्हणाले की, हा सगळा प्रकार आपल्याला आज प्रथमच समजतो आहे. एका सदस्याने कोरा कागद पुढे केला. त्यावर त्यांनी लिहून दिलं, ‘प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पाण्याबाबत मला कोणतीही माहिती नव्हती. ती जबाबदारी सर्वस्वी परिचराची होती.’ खाली सही, तारीख.

पौर्णिमा उठून उभी राहिली. “खोटं आहे हे!”

“बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमच्यावरचा बनावटपणाचा ठपका ही समिती आजच काढून टाकते आहे. निबंधाची दुरुस्ती छापा, कॅल्शियमवर वेगळा निबंध लिहा. गाईड बदलून हवा असेल तर अर्ज करा, मी मंजूर करीन. यंत्राचा आणि पाण्याचा विषय मात्र महाविद्यालयाचा अंतर्गत आहे. तो आम्ही तिकडे कळवू.”

“अंतर्गत?” पौर्णिमा म्हणाली. “माझं नाव बाहेर फिरलं तेव्हा ते अंतर्गत नव्हतं का?”

कागद फायलीत गेले.

कॉलेजात ते ‘अंतर्गत’ म्हणजे काय, ते आठवड्यात दिसलं. भिंतीवर नवंकोरं डिस्टिलेशनचं यंत्र आलं. सावळकरांना एक नोटीस मिळाली आणि ते विभागप्रमुख म्हणून होते तिथेच राहिले. शेषरावच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा ठपका लिहिला आणि त्याला प्रयोगशाळेतून काढून गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. पौर्णिमा प्राचार्यांकडे गेली. त्यांनी ‘बघतो’ म्हटलं. ती पुढच्या सोमवारी पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. चौथ्या सोमवारी बी.एस्सी.च्या सगळ्या पोरींच्या सह्यांचा अर्ज सोबत होता. आवक शिक्का मारून त्याची पोच हातात मिळेपर्यंत ती टेबलासमोरून हलली नाही. सातव्या आठवड्यात शेषराव प्रयोगशाळेत परत आला. कुणी त्याची माफी मागितली नाही. तो ठपका मात्र त्याच्या सेवापुस्तकातून अजून गेलेला नाही, आणि त्यासाठी पौर्णिमाचा दुसरा अर्ज सध्या उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात पडून आहे.

मधल्या काळात पेपरात एक बातमी आली. ‘वाशिम जिल्ह्याच्या जड पाण्यात दडलं विज्ञान’ असा मथळा. फोटो सावळकरांचा. पाण्याचं महत्त्व आपल्या लक्षात कसं आलं, हे त्यात त्यांनी सविस्तर सांगितलं होतं. मेडशीहून पुंजाजींचा फोन आला. रागाने त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. “हा मानूस झोपते कसा वं?” एवढंच ते परत परत विचारत होते.

पौर्णिमा आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अध्यक्षबाईंच्या हाताखाली काम करत होती. कॅल्शियमवरचा निबंध तिने आणि वैभवीने मिळून लिहिला. शेवटी आभारात शेषरावचं पूर्ण नाव, गावासकट टाकलं. निबंध पाठवायच्या आदल्या दुपारी तिचा फोन वाजला.

“बेटा, अभिनंदन,” सावळकरांचा आवाज गोड होता. “निबंध जातोय म्हणे. माझं नाव कितव्या क्रमांकावर टाकलंस? तिसरं असलं तरी माझी हरकत नाही.”

“नाही टाकलं, सर.”

“हे बघ, तीन वर्षं मी तुझा गाईड होतो. काम माझ्या प्रयोगशाळेत उभं राहिलं.”

“सर, हा निबंध पाण्याबद्दल आहे.”

“मग?”

“पाण्याबद्दल आपल्याला कोणतीही माहिती नव्हती, असं तुम्ही समितीला सहीनिशी लिहून दिलंय. समितीने दिलेली त्याची प्रत माझ्याकडे आहे.” ती थांबली नाही. “आता नाव घालायचं तर संपादकांना तो कागद जोडावा लागेल. त्यासोबत शेषरावकाकांचाही जोडते. काय करू, सांगा.”

ते म्हणाले, “तू फार कृतघ्न निघालीस.”

“हो,” पौर्णिमा म्हणाली आणि फोन ठेवला.

वैभवीने समोरून विचारलं, “कोण होतं?” पौर्णिमा बाटलीतलं पाणी घटाघट प्याली, स्टूल ओढलं आणि संगणकावर निबंधाचं पहिलं पान उघडलं. लेखकांच्या ओळीत दोन नावं होती. तिने ती एकदा मोठ्याने वाचली आणि ‘पाठवा’वर बोट दाबलं.